वर्षावासात रस्ता ओलांडताना

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, माझ्या मोठमायवर अन्याय झाला. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्यासोबत आमच्या घरकुल वस्तीतल्या ज्या बाया पांढरी लुगडी नेसून विहाराकडे निघाल्या होत्या, त्या सगळ्यांवर झाला. त्या चौपदरी रस्त्याशी पोचल्या तेव्हा दुभाजकातला कट, म्हणजे पलीकडं जायची मोकळी जागा, बंद झालेला होता. सकाळी होता. दुपारी क्रेन आली, सिमेंटचे कमरेएवढे ठोकळे आले, आणि संध्याकाळी तिथं भिंत उभी. कुणाला विचारलं नाही. एक पाटीसुद्धा लावली नाही.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो त्या गावाचा प्रश्न आहे. चिखली तालुक्यातलं गाव आहे, एवढं पुरे.

आमचं घर आधी जुन्या गावात होतं, विहाराच्या मागच्या गल्लीत. कुडाचं, टिनाचं. घरकुल मंजूर झालं तेव्हा सांगितलं गेलं की गावठाणात जागा नाही, ई-क्लासवर बांधा. ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. ती गावाबाहेर, नाल्यापलीकडं. आम्ही बांधलं. विटा स्वतः वाहिल्या, स्लॅबला रात्रंदिवस पाणी मारलं, दारावर पंचशील झेंडा लावला. वस्तीतल्या सगळ्यांना आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता. पक्कं घर ही लहान गोष्ट नाही.

मग गाव आणि वस्ती यांच्या मधून चौपदरी रस्ता गेला. घराचा कागद एका कार्यालयात होता, रस्त्याचा कागद दुसऱ्यात. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून बघावेत असं एकाही माणसाला वाटलं नाही. शाळा तिकडं, रेशन तिकडं, एसटीचा थांबा तिकडं, दवाखाना तिकडं, विहार तिकडं. इकडं फक्त माणसं.

ठेकेदारानं काम चालू असताना स्वतःच्या टिप्परसाठी दुभाजकात एक कट सोडला होता. सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंचं लांबपर्यंत दिसेल असा. आम्ही तिथूनच जायचो. टिप्परचं काम संपलं, कट संपला. आमचं जाणं-येणं संपलेलं नव्हतं, पण ते कुठल्या नकाशात नव्हतंच.

आता मोठमायचं सांगते, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपतं.

वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वंदना होते, मग एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आमच्याकडं वाचते मोठमाय. तिचा आवाज खणखणीत आहे, आणि ती वाचताना मध्येच थांबून ऐकणाऱ्यांना विचारते, "समजलं का व?" कुणी हुंकार दिला नाही तर तोच परिच्छेद पुन्हा वाचते. जुन्या गल्लीत अजून अर्धी माणसं राहतात, ज्यांना घरकुल मिळालं नाही. त्यात तिच्या लग्नापासूनच्या मैत्रिणी आहेत. एक आंधळी आहे. ती आंधळी बाई दिवसभर त्या संध्याकाळची वाट बघते, आणि मोठमायला हे माहीत आहे.

कट बंद झाला त्या संध्याकाळी बाया ठोकळ्यांसमोर उभ्या राहिल्या. एकीनं ठोकळ्यावर हात ठेवून बघितला, जणू तो सरकेल.

मोठमाय म्हणाली, "चाला. वळणावरून जाऊ."

वळणावर दुभाजक बुटका आहे, गुडघ्याएवढा, आणि त्यात कण्हेर लावलेली. तिथून चढता येतं. पण वळणावर गाडी दिसत नाही, आधी ऐकू येते. आणि गाडीवाल्याला आपण दिसत नाही, कारण आपण कण्हेरीत असतो.

मी टॉर्च घेऊन पुढं झाले. मी पत्रकं लिहिते, मोर्च्यात घोषणा देते, तहसीलदारासमोर आवाज चढवलेला आहे. त्या संध्याकाळी मी फक्त कान देऊन उभी होते. रस्ता ओला होता. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वेगळा येतो, फाडल्यासारखा, आणि तो किती लांबून येतोय ते कळत नाही. हेडलाइट दिसला की वाटतं लांब आहे, जाऊ. पाय उचलला की तो अंगावर असतो. एक कंटेनर गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं एका बाईचा पदर डोक्यावरून उडून रस्त्याकडं ओढला गेला आणि ती बाई पदरामागं एक पाऊल गेली. एकच पाऊल. मोठमायनं तिला दंडाला धरून मागं खेचलं.

"पदर खोचा सगळ्याइनं," ती म्हणाली. "अन् पयाचं नाई. पयालं का पाय घसरते."

आम्ही पोचलो. विहारात वंदना झाली, वाचन झालं. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मी परतीचा विचार करत होते. परतताना अंधार झालेला असतो.

त्यानंतर रोज असंच. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. मोठमाय लुगडं बदलायला आत गेली की मी टॉर्चचे सेल तपासायचे, पुन्हा तपासायचे. आई एकदा म्हणाली, "इतकी भेते तर जाऊ नोको." पण न जाणं जास्त भीतीचं होतं. घरात बसून रस्त्याकडून ब्रेकचा आवाज ऐकायचा आणि कोण होतं हे कळायची वाट बघायची, ते मला जमलं नसतं.

मी कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. तरुण इंजिनिअर, चहा मागवला. मोठमाय माझ्यासोबत आली होती, खुर्चीवर पाय वर न घेता नीट बसली होती.

"मॅडम, कट म्हणजे अपघाताला निमंत्रण असतं," तो म्हणाला. "आम्ही तुमच्या सुरक्षेसाठीच बंद केला. तुमच्यासाठी मोरी आहे ना खालून."

"मोरी नाल्याच्या पाण्यासाठी आहे."

"दोन्हीसाठी आहे."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात पाण्यासाठी."

तो हसला नाही. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

मग तो मोठमायकडं वळला. "आजी, संध्याकाळीच कशाला जाता? दिवसा वाचत जा."

"साहेब," मोठमाय म्हणाली, "तुमी दिवसा कचेरीत असता, आमी दिवसा वावरात निंदाले जातो. तुमची सुट्टी होते तवाच आमची होते. देवानं तुमाले घड्याय देलं अन् आमाले नाई देलं असं थोडीच हाय. अन् आमी तं देव बी मानत नाई."

इंजिनिअरला हसू आलं. मला वाटलं आता काही होईल. त्यानं माझा अर्ज ठेवून घेतला, आणि त्या हसण्यावरच सगळं संपलं. भुयारी मार्गाचा विषय वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे कुठं, हे मी विचारलं. त्यानं खरंच छताकडं बघितलं.

मोरीबद्दल सांगायचं राहिलं. उघाड पडली तेव्हा आम्ही मोरीतून जाऊन बघितलं. लोक म्हणतात ना, करून तर बघा. मोरी अशी बांधली आहे की माणूस वाकून जातो, डोकं छातीशी. खाली गाळ, त्यात गावाकडून आलेली सगळी घाण. वरून ट्रक गेला की कानात घुमतं, छत कोसळतंय असं वाटतं. टॉर्चच्या उजेडात पाण्यावरून काहीतरी वळवळत गेलं आणि मागची बाई ओरडली. अंधारात सगळ्या ओरडल्या. मीही.

मोठमाय मध्यापर्यंत गेली आणि थांबली. म्हणाली, "माघारी फिरा."

"काऊन व? अर्ध तं झालं," कुणीतरी म्हणालं.

"या वयात वाकाले मले हरकत नाई. कापूस येचाले वाकतो, निंदाले वाकतो. पन विहारात जायाले मी नालीतून वाकून जानार नाई. माह्या सासऱ्यानं थे पाह्यलेलं होतं, पाटलाच्या दारातून कसं जायचं असते थे. मी नाई जानार."

ओल्या लुगड्यांनी आम्ही परत फिरलो आणि वळणावरून गेलो.

मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. मनात म्हणत होते, जीव मोठा की मान मोठा. पण हा प्रश्न तिला का पडावा? ज्याला घर गावात मिळालं त्याला तो पडत नाही. तो चप्पल घालतो आणि विहारात, देवळात, मशिदीत, चहाच्या टपरीवर जातो. जीव आणि मान यातलं एक निवडायला आम्हालाच का लावलं जातं?

सरपंचानं मार्ग काढला. ते वस्तीत आले, बाजेवर बसले. "मोठमाय, इकडंच एक शेड टाकून देतो. फंड हाय. टिनाचं नाई, चांगलं. मूर्ती आनून देऊ. तुमी इकडं वाचा, थे तिकडं वाचतीन. कायले जीव धोक्यात घालता?"

सरपंच माझ्या वडिलांच्या वयाचे. मोठमायनं त्यांच्याकडं पोराकडं बघावं तसं बघितलं.

"आज विहार इकडं दे. उद्या शाळा इकडं, परवा मसनवटा इकडं. मंग तुमचं गाव तिकडं नीट रायते, नाई का बे भाऊ? आमी मेलो तरी तुमच्या कानावर येनार नाई."

"तसं नाई व मोठमाय..."

"मंग कसं?"

सरपंचांनी चहा घेतला आणि गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. या गोष्टीत वाईट हेतूचा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणूनच भीती वाटते.

पोरांनी मोबाईलचा उपाय काढला. व्हिडिओ कॉल लावायचा, मोठमाय घरून वाचेल, विहारात फोन उभा करायचा. एक संध्याकाळ केलं. मोठमायनं सगळं वाचलं, दर परिच्छेदाला "समजलं का व?" विचारलं. पलीकडून हुंकार तुटक यायचे, उशिरा यायचे. दुसऱ्या दिवशी आंधळ्या बाईनं निरोप पाठवला: "आवाज येऊन राह्यला, तू नाई येऊन राह्यली." मोठमायनं निरोप ऐकला आणि लुगडं बदलायला आत गेली. मी टॉर्च घेतला.

भाद्रपद गेला. आश्विन लागला आणि सोयाबीन निघालं.

आमच्याकडं सोयाबीन निघालं की रस्ता पिवळा होतो. मळणी झाली की दाण्यात ओल राहते, आणि ओला माल बाजारात कुणी धड घेत नाही. मग शेतकरी रस्त्याची एक बाजू धरतात, डांबरावर दाणा पसरतात, कडेला दगड ठेवतात. तापलेल्या डांबरावर माल लवकर वाळतो. कुठल्याही कायद्यात हे बसत नाही आणि कुणी थांबवतही नाही. गाड्या दगड बघून हळू होतात, बाजूनं जातात. ट्रकवाले शिव्या देतात, पण दाण्यावरून कुणी गाडी घालत नाही. अन्नावरून चाक नेऊ नये, हे ट्रकवाल्यालाही कळतं.

वळणाला लागून ज्यांचं शेत आहे त्या शेतकऱ्यानं आमच्या बाजूच्या पट्ट्यावर सोयाबीन पसरलं. मोठा शेतकरी नाही, पण खातंपितं घर. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. वस्तीतल्या अर्ध्या बाया त्यांच्याकडं कामाला जातात. त्या संध्याकाळी आम्ही वळणावर आलो आणि काय बघितलं! ज्या गाड्या वाऱ्यासारख्या जायच्या त्या बैलगाडीसारख्या जात होत्या. वळणाआधीच ब्रेक. एका जीपवाल्यानं चक्क हात दाखवला, जा म्हणून. आम्ही अर्धा रस्ता चालत, बोलत ओलांडला. बोलत! कट बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

"पाह्य," एक बाई म्हणाली, "मानसासाठी थांबत नाई, सोयाबीनसाठी थांबते."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसरा अर्धा रस्ता, गावाच्या बाजूचा, मात्र मोकळा होता. तिथं नेहमीसारखंच जीव मुठीत.

आता यापुढचं जे झालं ते वस्तीनं ठरवून केलं. मी तिथं होते, आणि मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. भाऊसाहेबांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मळणीचं कुटार पडलेलं होतं. कुटार म्हणजे सोयाबीनचा भुसा, त्यात थोडे दाणे राहतातच. ठरलं असं की गावाच्या बाजूच्या पट्ट्यावर कुटार पसरायचं, कडेला दगड मांडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटेल माल वाळतोय. संध्याकाळी पसरायचं, बाया परतल्या की गोळा करायचं. दाणा आमच्याकडं कुठला? आमच्याकडं जमीन नाही. आम्ही दुसऱ्याचा भुसा पसरून गाड्या थांबवायला निघालो होतो.

भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "न्या बे, कुटाराले काय विचारता."

पहिल्या संध्याकाळी जमलं. दुसऱ्या संध्याकाळी जमलं. परतताना मोठमायनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता तू घडीघडी सेल नाई पाहात." मला वाटत होतं की तिला ते दिसत नाही.

मग आश्विन पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी भुरभुर आली. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती अंगावर ओल. भाऊसाहेबांनी दुपारीच त्यांचं सोयाबीन गोळा करून ताडपत्रीखाली घातलं होतं. म्हणजे आमच्या बाजूचा पट्टा मोकळा झाला होता आणि समोरच्या पट्ट्यावर आमचं कुटार तेवढं पसरलेलं. पोरांनी ते नेहमीसारखं पसरलं होतं. ओल्या डांबरावर ओलं कुटार काय होतं, हे शेतातल्या माणसाला कळायला हवं. आम्ही सगळे शेतातलेच होतो. त्या संध्याकाळी आमच्या डोक्यात फक्त रस्ता होता.

आम्ही पहिला पट्टा ओलांडला आणि दुभाजकात चढलो. बाया कण्हेरीत, मोठमाय सगळ्यांत पुढं, ग्रंथ कापडात बांधून छातीशी. मी तिच्या बाजूला. चिखलीकडून एका मोटरसायकलचा उजेड येताना दिसला, त्याच्या बऱ्याच मागं ट्रकचा. मी म्हटलं, थांबा, या दोन जाऊ द्या.

मोटरसायकलवाल्याला वळणावर दगड दिसले. त्यानं ब्रेक मारला. चाक कुटारावर गेलं आणि गाडी आडवी झाली. आवाज फारसा झाला नाही. गाडी घसरत लांब गेली, माणूस वेगळा घसरत गेला, आणि मागचा ट्रक त्या माणसाला वाचवायला आमच्याकडं वळला.

मी ते कसं सांगू? उजेड होता. फक्त उजेड. ब्रेकचा आवाज इतका लांबला की मला वाटलं तो थांबणारच नाही. मी मोठमायचा हात धरला की सोडला, मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. मी डोळे मिटले. रबराचा वास आला. मग डाव्या बाजूनं कण्हेर मोडत गेल्याचा आवाज आला, कडकड, आणि सगळं थांबलं.

डोळे उघडले तेव्हा ट्रकचं पुढचं चाक दुभाजकावर चढलेलं होतं. मोठमाय जिथं होती तिथं मला फांद्या दिसल्या.

मागं कुणीतरी नुसतं "बाई व, बाई व" म्हणत होतं. मी टॉर्च फांद्यांवर मारला. पांढरं काहीतरी दिसलं, जमिनीशी. ते हलत नव्हतं. मी तिथपर्यंत जाऊ शकत नव्हते. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते, आणि जे बघावं लागणार होतं ते बघायची माझी तयारी नव्हती.

"पोरी, टार्च खाली कर. डोये दिपून राह्यले."

ती खाली बसलेली होती. चाकाच्या आणि तिच्या मध्ये मोडलेली कण्हेर होती. ग्रंथ मांडीवर होता. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिनं उठायला हात पुढं केला, आणि उभी राहिल्यावरही माझा हात लगेच सोडला नाही.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. परप्रांतातला, माझ्याहून फार मोठा नसेल. आधी शिव्या देत आला, मग त्यानं एवढ्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बघितल्या आणि तो चाकाशी मटकन बसला. "अम्मा," तो म्हणाला, "आप लोग यहाँ क्यों खड़े हो? यहाँ क्यों?" मग रडायला लागला. मोठमायनं त्याला पाणी दिलं. त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याकडं आख्खं पत्रक होतं. मी चाकाखालची कण्हेर ओढून बाजूला करत राहिले.

मोटरसायकलवाला पुढं पडला होता. पोरं धावली. ते भाऊसाहेबच होते, बाजारातून परतत होते. खांद्याचं हाड मोडलं, कातडी सोलली. जीपमध्ये घालताना वेदनेनं कळवळत होते, आणि तेवढ्यातही म्हणाले, "च्यामायबीन, माह्याच कुटारावर माहीच गाडी." पोरांना रडावं की हसावं कळेना.

भाऊसाहेब बरे झाले. त्यांनी तक्रार दिली नाही. पण गुन्हा दाखल झाला: रस्त्यावर अडथळा निर्माण करणे, आरोपी अज्ञात. अज्ञात म्हणजे आम्ही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. वस्तीतला प्रत्येक पोरगा पोलिसांची गाडी दिसली की घरात शिरतो. माझी आई रात्री दाराला कडी लावून पुन्हा बघते. कट बंद करताना ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यावर कुठं काही दाखल झालं नाही, होणारही नाही, त्यासाठी कलमच नाही. कुटार पसरणं चूक होतं. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ही चूक आमची आहे आणि मी ती लपवत नाही. पण चौपदरी रस्ता भुशानं थांबवायची वेळ आमच्यावर आली, ती आकाशातून पडली नाही.

आश्विन पौर्णिमेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, वाचनाची सांगता होती. मोठमाय गेली नाही. तिनं लुगडं बदललं, ग्रंथ घेतला, वस्तीच्या टोकापर्यंत आली, आणि रस्त्याचा आवाज ऐकून उभी राहिली. मग म्हणाली, "आज पाय उचलत नाई माहा." विहारात त्या वर्षीची शेवटची पानं वाचलीच गेली नाहीत. दुसरं कुणीतरी वाचायला बसलं होतं, पण आंधळी बाई म्हणाली, "थांबा, मोठमाय येईन." ती थांबली. सगळे थांबले. मग घरी गेले.

आठवड्याभरात क्रेन पुन्हा आली. अपघातप्रवण जागा म्हणून वळणावरही कमरेएवढे ठोकळे लावले. कण्हेर काढून टाकली. आता आम्हाला वाट उरली ती मोरीची.

आणि पुन्हा आषाढ जवळ आलाय. मोठमाय हिवाळाभर गप्प होती, मला वाटलं तिनं सोडलं. परवा ती अंगणात लुगडं धुताना सहज म्हणाली, "ठोकयावर चढाले एक स्टूल लागीन. इकडून एक, तिकडून एक." तिनं सगळा विचार करून ठेवलाय. ती जाणार आहे. ठोकळ्यावर चढताना म्हातारं माणूस किती वेळ गाड्यांकडं पाठ करून राहतं, याचा हिशेब मी रोज मनात करते आणि अर्ध्यावर सोडते. मी तिला अडवणार नाही. तिला अडवणं म्हणजे त्या क्रेनचंच काम पुरं करणं. मी टॉर्च धरणार आहे, आणि मला फार भीती वाटते.

म्हणून हे लिहिलं. हळहळ नको आहे.

तुम्ही जिथं राहता तिथंही कुणाची तरी घरं ठरत आहेत. घरकुल, लेआउट, पुनर्वसन, काहीही नाव असेल. आणि तिथंही कुठला तरी रस्ता रुंद होतोय, ज्याचं तुम्हाला कौतुक आहे. पुढच्या ग्रामसभेला, वॉर्डसभेला जा. मागं बसू नका. घराचा नकाशा आणि रस्त्याचा नकाशा दोन्ही मागवा, एका टेबलावर ठेवायला लावा, आणि उभं राहून विचारा: या घरातली म्हातारी बाई संध्याकाळी गावात पायी कशी जाईल? मोरी दाखवतील, मान्य करू नका. वर पाठवतो म्हणतील, मान्य करू नका. उत्तर ठरावात लिहून त्यावर सही होईपर्यंत जागेवरून उठू नका.